शनिवारची बदली

"ताई, जे काय विचारायचंय ते आत्ताच एका दमात विचारून घ्या हं! नंतर फोनावर फोन आले की घोळ होतो," असं क्लिनिकच्या रिसेप्शनवरची सोनिया पहिल्याच फोनवर म्हणाली होती.

मेघानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. घोळ? आणि मेघाकडून? बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास! जिच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यावरसुद्धा भरल्याची तारीख असते, तिला ही कालची पोरगी घोळ शिकवणार? प्लॅन साधा होता. शनिवारी अकरा वाजता क्रांती चौकातल्या मानसशास्त्रज्ञ निलोफर मॅडमना भेटायचं, उपचार सुरू करायचे आणि घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, सासऱ्यांना तर नाहीच नाही!

आता कसले उपचार, तर ते आधी सांगायला हवं. मेघाला ओसीडी होतं, म्हणजे एकच शंका पुन्हा पुन्हा तपासायला लावणारा आजार. तिनं ते स्वतः वाचून काढलं होतं आणि वाचताना इतक्या वेळा मान हलवली होती की मान अवघडली. मुलगी मितू झाली आणि मेघाच्या डोक्यात गॅस शिरला. बटण बंद आहे ना? आहे. नक्की ना? नक्की. हात लावून बघू? बघू. आता हात लावताना चुकून चालू झालं नसेल ना? झालं! पुन्हा पहिल्यापासून! मग दाराचं कुलूप. मग परत गॅस. शहराच्या टोकाला, चिकलठाण्याच्या नव्या सोसायटीतून बाहेर पडायला तिला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात माणूस पार सिल्लोडला जाऊन जेवून परत येईल.

गंमत अशी की नवरा राजेंद्र शेगडी-कुकर दुरुस्तीचाच दुकानदार. गिऱ्हाइकांच्या शेगडीचं बटण दहा-दहा वर्षं टिकायचं. घरातलं बटण आठ महिन्यांत तीनदा गुळगुळीत झालं! "कंपनीचा माल खराब येतोय," असं तो दर वेळी म्हणायचा आणि गुपचूप नवं बसवायचा.

सासरे पुंडलिकमामा तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर होते. ते एकदा तिला कुलूप ओढताना बघून म्हणाले होते, "पोरी, मी अख्खा कारखाना राखला, पन येवढं कुलूप तर मी बी नाय हलवलं."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मितूची नऊ महिन्यांची लस चुकली. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा मेघा सकाळी निघाली आणि रिक्षा तीन-तीनदा घराकडे वळवून दवाखान्यात पोचली तेव्हा शटर खाली! डॉक्टर दुपारी दोनला बंद करून जायचे. घरी तिनं सांगितलं, "लस संपली होती." मितू तिच्या कडेवर बसून तिच्या कानातलं ओढत होती आणि मेघाला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आतापर्यंत गॅस तिचा एकटीचा होता. आता तो पोरीच्या वाट्याला आला होता.

म्हणून तो पहिला फोन. बाथरूममधून, नळ सोडून!

"ताई, तिकडं पाऊस लागलाय का?" सोनियानं विचारलं.

"नाही. हो. थोडा," मेघा कुजबुजली. "एक भेट किती वेळाची असते?"

"पन्नास मिनिटं. नाव सांगा. शनिवारी अकरा चालेल? मॅडम नवीन पेशंट फक्त शनिवारीच बघतात, पाचच. हा शनिवार गेला की पुढं दीड महिना थांबावं लागेल हं!"

अकराची वेळ लागली. नळ बंद झाला. (पाच वेळा.)

बरोबर अर्ध्या तासानं शंका आली. त्या पोरीनं अकरा लिहिले असतील ना? की एक? आणि नाव? परत फोन करून विचारावं, तर ती म्हणेल, बाई वेडीच दिसते. म्हणजे तशी ती दवाखान्याची रिसेप्शनिस्ट होती, असल्या बायका तिला रोजच भेटत असणार. पण भीतीला एवढा विचार कुठं असतो!

मग मेघाला झकास युक्ती सुचली. मामांचा फोन टीपॉयवर पडला होता. तो उचलून तिनं अनोळखी आवाजात विचारलं, "शनिवारी अकराला वेळ मिळेल का?"

"नाही हो, अकराला बुकिंग झालंय."

वा! म्हणजे लिहिलंय! मेघा फोन ठेवणार, तेवढ्यात सोनिया म्हणाली, "बाराला देते. नाव सांगा." सोनिया नोकरीवर नवी होती आणि तिला शिकवलं होतं की फोन आला की नाव आणि वेळ घेतल्याशिवाय माणूस सोडायचा नाही. मेघा गडबडली. समोर भिंतीवर मामांचा निवृत्तीच्या सत्काराचा फोटो होता.

"पुंडलिक," ती म्हणून गेली. मग आता फोन लागलाच आहे, तर तिनं एक प्रश्नही उरकून घेतला. "मॅडम घरच्यांना सांगतात का हो?"

"तुमच्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच वेगळं."

केवढं बरं वाटलं! ते बरं वाटणं चहा उतू जाईपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेल्या. सासूला मेघा आत्या म्हणायची. आत्यांचा फोन खाली राहिला होता.

"अकराला वेळ आहे का?"

"नाही, फुल्ल आहे."

"छान! म्हणजे... अरेरे!"

"एकला देते. नाव?"

"गोजरबाई. आणि गोळ्या घ्याव्याच लागतात का?"

"आमच्या मॅडम गोळ्या देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतात. काहींना दोन्ही लागतं, काहींना नुसतं बोलून, सराव करून जमतं."

बुधवारी राजेंद्र जेवायला घरी आला आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात त्याच्या फोनवरून चारची वेळ! (प्रश्न : किती वेळा यावं लागतं? उत्तर : बारा ते वीस आठवडे धरून चाला, शिवाय घरी रोजचा अभ्यास.) गुरुवारी बद्रीनाथ गॅसचा सिलेंडर घेऊन आला. "भाऊ, जरा फोन देता का, माझ्या फोनला रेंज नाही." पाचची वेळ! (प्रश्न : बाळाला आणलं तर चालेल का? उत्तर : खुशाल आणा.) एवढ्या घाईतसुद्धा तिनं प्रत्येक वेळी आधी अकराचं विचारलं आणि प्रत्येक वेळी अकराची वेळ भरलेलीच होती. मेघाचा जीव एवढा थंड झाला की बद्रीनाथनं सिलेंडर जोडून दिल्यावर तिनं बटण फक्त चारदा तपासलं.

संध्याकाळी मात्र उजेड पडला. पाच वेळा! पाचच नवे पेशंट! म्हणजे मॅडमचा अख्खा शनिवार आपण एकटीनं अडवून ठेवलाय? कुणीतरी बिचारं दीड महिना थांबणार, आपल्या सासऱ्याच्या नावामुळं? मेघा मनानं सरळ. तिनं लगेच स्वतःच्या फोनवरून नंबर फिरवला.

"सोनियाताई, आमच्या घरच्यांच्या त्या वेळा... रद्द करा प्लीज. त्यांना जमणार नाही."

"या नंबरवरची ना? एक मिनिट. हां, केली रद्द."

"थँक्यू!" मेघानं फोन ठेवला आणि छाती फुगवली. बघा! परत विचारलं नाही! एकदा सांगितलं, विषय संपला. उपचार सुरू व्हायच्या आधीच आपण बऱ्या व्हायला लागलो!

जन्मात जी एक गोष्ट तिनं दुसऱ्यांदा तपासायला हवी होती, नेमकी तीच तिनं तपासली नाही!

शुक्रवारी क्लिनिककडून मेसेज गेले. 'आपली पहिली भेट उद्या आहे. कृपया वेळेवर यावे. आपली माहिती पूर्ण गुप्त राखली जाईल.' खाली ज्याची त्याची वेळ आणि पत्ता. मेघाला मेसेज आला नाही. "किती गुप्तता पाळतात!" ती कौतुकानं मनात म्हणाली.

त्या दिवशी घरात जेवताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पण मेघा स्वतःचं गुपित सांभाळण्यात एवढी गुंतली होती की तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

शनिवारी मामा आठलाच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. "पेन्शनच्या कामाला." राजेंद्र नऊला दुकानी गेला. मेघानं दहाला मितूला उचललं. "आत्या, मी जरा बाजारात जाऊन येते."

"जा की," आत्या म्हणाल्या. "मी हाय घरी. कुटं जातीय मी!"

आत्या घरी! म्हणजे कुलूप लावायचं नाही, गॅस बघायचा नाही. मेघा चार मिनिटांत रिक्षात! जालना रोडवर वारा तोंडावर आला, तेव्हा मितू टाळ्या वाजवत होती आणि मेघाला वाटलं, ही लढाई आपण जिंकलीच.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानावर होतं. मेघा पावणेअकराला जिना चढली. आत गेली. आणि जागच्या जागी थिजली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस पेपर उघडून बसला होता. पेपर उलटा होता. पेपराखालचे बूट तीस वर्षं गेटवर उभे राहिलेले होते.

"मामा?"

पेपर खाली आला. "पोरी! तू हितं? मला तर बोलावणं आलंय. लेखी." त्यांनी फोन पुढं केला. "लेखी बोलावणं आलं की टायमाच्या आधी हजर व्हायचं. कशाला, ते विचारायचं नाय. मी साडेआठपासून बसलोय."

मेघानं काउंटरकडं धाव घेतली. "सोनियाताई, मी मेघा. अकराची."

सोनियानं वही बघितली. "तुमची तर गुरुवारी रद्द झाली की ताई! तुम्हीच फोन केलात. तुमच्या नंबरवरची. त्या वेळेला दुसरे पेशंट आलेत, ते आत जातीलच आता."

"मी घरच्यांच्या रद्द करायला सांगितल्या होत्या!"

"ते नंबर वेगळे होते ना ताई. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं..."

मेघाला पुढचं ऐकूच आलं नाही. दीड महिना! मितू अकरा महिन्यांची होईल. तोपर्यंत किती बटणं झिजतील? ती खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटणार, एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेली एक बाई भिंतीला धरून आत आली आणि पदरातून एका डोळ्यानं सगळीकडं बघू लागली. तो डोळा मामांवर पडला.

"अगं बाई! तुमी?"

"गोजर? तुला बी आलं काय बोलावणं?"

पदर खाली आला. "म्हंजी मला येडी ठरवायला तुमीच लावलं व्हय? मला सांगा, मी कोणाला काय केलंय? जरा बडबड करते, तर येवढं?"

"मला काय म्हाईत! मला बी बोलावलंय!"

"मंग तुमचं बरोबर हाय," आत्या म्हणाल्या. "रिटायर होऊन दोन सालं झाली, रोज सकाळी सात वाजता कारखान्याच्या गेटवर चक्कर मारून येतात! तितं आता दुसरा वॉचमन हाय, तो चहा पाजून परत लावतो!"

मामांनी पेपर पुन्हा वर धरला. या वेळी सुलटा.

तेवढ्यात राजेंद्र आला. दुकान दोन गल्ल्या पलीकडं. आपली वेळ चारची आहे हे त्याला माहीत होतं, पण त्याला धीर धरवला नव्हता. आई, बाप, बायको आणि मुलगी, सगळं घर वेटिंगरूममध्ये बघून तो दारातच उभा राहिला.

"तू... तुम्ही सगळे?"

"तू का आलास?" मेघानं विचारलं. आता लपवण्यात काही अर्थच उरला नव्हता.

राजेंद्रनं खिशात हात घातला. तळहातावर शेगडीची तीन बटणं. गुळगुळीत, एकावरही खूण राहिलेली नाही.

"मेसेज कुणी पाठवला ते कळलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण म्हटलं, बरं झालं. मॅडमना ही दाखवावीत आणि विचारावं. तुला काही बोललो तर तुला वाईट वाटंल, न बोललो तर तू एकटी पडशील. काय करायचं, ते विचारणार होतो."

मेघानं ती बटणं हातात घेतली. कंपनीचा माल खराब नव्हता तर! मग तिनं सगळं सांगून टाकलं. फोन, नावं, अकराची वेळ आणि चुकलेल्या दोन्ही लसी. ती थांबली तेव्हा बारा वाजत आले होते.

पुंडलिकमामा उठले. पेपराची घडी घातली. काउंटरपुढं ताठ उभे राहिले.

"बाई, बाराची वेळ माझी हाय. माझ्या बदली हिला लावा."

"काका, असं नाव बदलता येत नाही..."

"कारखान्यात मानूस आजारी पडला की बदली मानूस उभा राहतो. ड्यूटी चुकत नाय. तीस वर्षांत माझ्या गेटची एक पाळी रिकामी गेली नाय. सही कुटं करू?"

सोनियानं निमूट वही पुढं केली. मामांनी लफ्फेदार सही ठोकली आणि मेघाला म्हणाले, "जा पोरी. आत कडक बोल."

"माझी एकची मी नाय देनार हं," आत्या म्हणाल्या. "आलेच हाय, तर मला बी बोलायचंय!"

सगळे हसले. आणि हसता हसता मेघाच्या डोक्यात टण्णकन घंटा वाजली. आत्या इथं. मामा इथं. राजेंद्र इथं.

"आत्या, घरी कोण आहे?"

"कोनीच नाय. मी दार वढून आले की."

"गॅस?"

"केला बंद."

"नक्की?"

"व्हय गं!"

मेघा तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच आतलं दार उघडलं आणि निलोफर मॅडमनी तिला हाक मारली.

मॅडमनी तिचे उरलेले सगळे प्रश्न ऐकले. ओसीडीवर काम केलंय का? केलंय, बरीच वर्षं. करायचं काय असतं? ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं आणि नंतर तपासायचं नाही. फार त्रास होतो का? सुरुवातीला होतो, पण पायरी तुम्हीच ठरवता. मी पूर्ण बरी होईन? "डोकं शंका विचारणं एकदम थांबवणार नाही," मॅडम म्हणाल्या, "पण दर वेळी उठून उत्तर द्यायला तुम्ही जाणार नाही. बहुतेकांना खूप फरक पडतो."

"ते ठीक आहे. पण मॅडम, आत्ता घरी कुणी नाही. आणि गॅस..."

"सासूबाईंना विचारलंत?"

"दोनदा. बंद केला म्हणाल्या. एकदा फक्त परत विचारून येऊ?"

"तुम्ही सांगा, दोनदा उत्तर मिळाल्यावर तिसऱ्यांदा कोण विचारतंय? तुम्ही, की तो आजार?"

मेघा खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. मन शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं गदगदत होतं. दहाव्या मिनिटाला तिला जळका वास आला. पंधराव्या मिनिटाला अग्निशामक गाडीचा आवाज आला. (ती खाली कुल्फीवाल्याची घंटा होती.) तिसाव्या मिनिटाला मितू मांडीवर झोपली. आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला मेघाच्या लक्षात आलं, की आपण मॅडमशी बोलता बोलता गॅस विसरलो होतो! पूर्ण तीन मिनिटं!

"झालं की!" ती ओरडली. मितू दचकून जागी झाली.

मेघा बाहेर आली ती ट्रॉफी मिळाल्यासारखी. वेटिंगरूम रिकामी!

"सगळे गेले," सोनिया म्हणाली. "काका म्हणाले, नक्की बंद केलास का? आजी म्हणाल्या, व्हय. मग दादांनी विचारलं. मग काकांनी परत. पाचव्यांदा आजी म्हणाल्या, तुम्ही सारखं विचारता, आता मलाच शंका यायला लागली! मग तिघं जिन्यावरून पळत गेले. आजींची एकची वेळ पण गेली."

मेघा इतकी हसली, की तिला आधाराला काउंटर धरावं लागलं.

फोन वाजला. राजेंद्र. "मेघा, लवकर ये! आई दार ओढून आली, लॅच बसलंय. माझी किल्ली दुकानात राहिली. आम्ही तिघं पायरीवर बसलोय! खिडकीतून वास घेतोय, पण काही कळत नाही!"

मेघानं घड्याळ बघितलं. एक वाजत आला होता. लसीचा दवाखाना दोनला बंद होणार. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. डोकं म्हणत होतं, घरी. गॅस. आत्ता. मितू तिच्या कानातलं ओढत होती.

"राजेंद्र," ती म्हणाली, "बसा तिथंच. मी मितूची लस करून येते."

"अगं, पण गॅस..."

"आत्या म्हणाल्या ना बंद आहे? मग आहे!"

आणि तिनं फोन ठेवला!

जिन्यात बद्रीनाथ भेटला, खांद्यावर लालभडक सिलेंडर, घामाघूम. "वहिनी, तुम्ही माझ्या फोनवरून जिथं लावला होता, तिथून मेसेज आला होता. वेळ पाचची होती, पण मी याच बाजूला होतो. तुमच्या नावानं एक टाकी आणलीय. कितव्या मजल्यावर?"

"चिकलठाण्याला," मेघा म्हणाली. "माफ करा भाऊ, घरी या, चहा पाजते!" आणि पळाली.

एक चाळीसला ती दवाखान्यात पोचली. रिक्षा एकदाही वळली नाही. मितू अशी रडली की शेजारच्या मेडिकलवाल्यानं डोकावून बघितलं, आणि मेघाला ते रडणं सनईसारखं वाटलं.

घरी आली तर तिघं पायरीवर ओळीनं बसलेले. दार उघडताच तिघंही तिला ओलांडून स्वयंपाकघरात पळाले. मेघा मात्र बाहेरच बसली, मितूला मांडीवर घेऊन, महाराणीसारखी. आतून आवाज येत होते.

"बंद हाय!"

"हात लावून बघा!"

"लावला! आता चालू झालं काय, ते बघ राजा!"

बटण चौथ्यांदा बदलायची वेळ आली तर ते मेघाच्या खाती नसेल, एवढं नक्की.

आता मेघा दर शनिवारी जाते. चार भेटी झाल्यात. आत्यांनी पुढची वेळ स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फोनवरून घेतलीय, आणि मामा सकाळी सातला गेटऐवजी मितूला फिरवून आणतात. दर शनिवारी निघताना मेघा कुलूप एकदाच ओढते. बरं बाबा, खरं सांगते : दोनदा.

जाता जाता तिचा तुम्हाला एक निरोप आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा ऑफिसात कुणी अर्ध्या रस्त्यातून रिक्षा मागं वळवत असेल, हात सोलेपर्यंत धूत असेल, "कंपनीचा माल खराब" म्हणत कुणी त्याला सांभाळून घेत असेल, तर आज त्याची विचारपूस करा. "कसा आहेस? सोबत येऊ का?" एवढं पुरे. पण मेघा म्हणते, फोन स्वतःच्याच नंबरवरून करा!